नकार ऐकू येईल इतकं अंतर

फोटोग्राफीचा छंद नुकता लागलेल्या माणसाच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो : ‘बजेट साठ-सत्तर हजार आहे, कुठला कॅमेरा घेऊ?’ उत्तरं द्यायला सगळे तयारच असतात. क्रॉप सेन्सर पुरे, फुल-फ्रेमच्या नादी लागू नकोस. बॉडीवर कमी घाल, लेन्सवर जास्त घाल. किट लेन्सवर वर्षभर हात बसव, मग ५० मिमीची प्राइम घे. पक्षी करायचे असतील तर निदान ४०० मिमी हवी. यातला एकही सल्ला चुकीचा नाही. फक्त या सगळ्या हिशोबात तीनच रकाने असतात : आपला पैसा, आपली पाठ आणि आपला फोटो. ज्याचा फोटो निघणार आहे, त्याच्यासाठी रकानाच नसतो.

तो असायला हवा, आणि तो भरायचा तर सगळ्यात आधी अंतराचा विचार करायला हवा, असं मला वाटतं. कारण लेन्स विकत घेताना आपण काचेबरोबर एक अंतर विकत घेत असतो. समोरच्यापासून किती लांब उभं राहून मनासारखा फोटो मिळेल, ते ती लेन्स ठरवते. आणि कुणाच्या किती जवळ जावं, हा प्रश्न कॅमेऱ्याच्या आधीपासूनचा आहे. तो वागण्याचा प्रश्न आहे.

मधले सहा मीटर

एक साधं गणित करून पाहू. छोटा खंड्या हा साधारण १६ सेंटिमीटरचा पक्षी. ओढ्यावर वाकलेल्या काटकीवर तो बसला आहे आणि तुम्ही दहा मीटरवर आहात. तुमच्याकडे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आहे आणि २५० मिमीपर्यंत जाणारी स्वस्तातली झूम लेन्स. या अंतरावरून सेन्सरवर खंड्याची प्रतिमा पडते ४ मिमीची. सेन्सरची रुंदी असते साडेतेवीस मिमीच्या आसपास. म्हणजे फोटोच्या रुंदीचा जेमतेम सहावा भाग पक्ष्यानं व्यापला. शेजारी ६०० मिमीची लेन्स लावून बसलेल्या माणसाला तोच पक्षी साडेनऊ मिमीचा मिळतो. फोटोच्या रुंदीचे दोन पंचमांश. पिसांवरचे पाण्याचे थेंबसुद्धा मोजता यावेत असा.

तुम्हाला तसाच फोटो तुमच्या लेन्सनं हवा असेल, तर दहा मीटरवरून चार मीटरवर यावं लागेल. हे मधले सहा मीटर कुठून तरी आणावे लागणारच. शेजाऱ्यानं ते पैसे मोजून आणले. तुम्ही ते खंड्याकडून आणता. पहिल्या दोन मीटरला तो मासे शोधायचं थांबवतो आणि तुमच्याकडे बघायला लागतो. पुढच्या दोन मीटरला अंग आखडतो, मान वरखाली करतो. त्याच्या पुढच्या पावलाला निळी रेघ मारत निघून जातो. तुम्ही म्हणता, ‘गेला यार!’ खरं तर त्याला त्याची न्याहारी सोडून जावं लागलं.

हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञानं प्राण्यांचं हे वागणं नीट मांडून ठेवलं आहे. धोका ठरावीक अंतराच्या आत आला की प्राणी पळ काढतो. हे अंतर जातीजातीनुसार बदलतं, जागेनुसार बदलतं, माणसांचा काय अनुभव आलाय त्यावरही बदलतं. गावातल्या तळ्यावरचा बगळा तुम्हाला जवळ येऊ देईल, रानातल्या ओहोळावरचा देणार नाही. पण असं अंतर प्रत्येकाला असतं. आपल्याला दिसत नाही अशा कुंपणाच्या आत ते राहत असतात.

इथवर उत्तर सोपं वाटतं : लांबची लेन्स घ्या, लांब राहा, भल्या माणसासारखे वागा. पण हाच नियम घेऊन वारीत गेलात, तर तो उलटा पडतो.

साठ फूट आणि चार फूट

आळंदी-देहूहून पालख्या निघाल्या की दिवेघाटात, रिंगणाच्या मैदानांवर, पंढरपूरच्या वाळवंटात वारकऱ्यांइतकेच कॅमेरे दिसतात. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक म्हातारी चालली आहे असं समजा. उन्हानं चेहरा रापलेला, कपाळावर बुक्का. तिचा डोक्यापासून पायापर्यंतचा फोटो दोन प्रकारे निघू शकतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ४०० मिमीची लेन्स असेल तर साठेक फुटांवरून. किंवा तुमच्या खिशातल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यानं, जो साधारण २४ मिमीच्या लेन्सइतकं रुंद पाहतो, अवघ्या चारेक फुटांवरून.

खंड्याचा नियम लावला तर साठ फूट चांगले. म्हातारीला त्रास नाही, तिच्या चालण्यात खंड नाही, भाव अगदी सहज. पण साठ फुटांवरून तिला हे कळतच नाही की आपला चेहरा कुणी तरी नेला. चार फुटांवर मात्र तुम्हाला तोंड उघडावंच लागतं. ‘माउली, एक फोटो काढू का?’ मग ती म्हणते, ‘काढ की रे बाळा,’ आणि पदर सारखा करते. किंवा म्हणते, ‘माझा गं बाईचा मेलीचा कसला फोटो,’ आणि हसत पुढे जाते. किंवा नुसती मान हलवते : नको. या तिन्हींत एक माणूस दुसऱ्या माणसाशी बोलला. साठ फुटांवर यातलं काहीच घडलं नाही.

चंद्रभागेच्या काठी हा फरक आणखी टोचतो. आषाढीला बायका उघड्यावर स्नान करतात, ओली लुगडी बदलतात. त्या जागी आडोसा नसतो. गर्दीत प्रत्येकानं नजर वळवायची, हा तिथला अलिखित संकेतच त्यांचा आडोसा. घाटाच्या पायऱ्यांवर बसून लांबच्या लेन्सनं तिथले फोटो काढणारा तो आडोसा फाडतो, आणि साठ फूट लांब असतो म्हणून त्याला कुणी काही बोलूही शकत नाही. इथं लांब राहणं हा सभ्यपणा होत नाही. ते लपणं होतं.

म्हणजे पक्ष्याच्या बाबतीत लांब असणं बरं आणि माणसाच्या बाबतीत जवळ असणं बरं? एकाच पिशवीतली तीच लेन्स सकाळी सज्जन आणि दुपारी दुर्जन? तसं म्हणून सोडून देता आलं असतं. पण मला वाटतं, या दोन्ही उदाहरणांच्या तळाशी एकच नियम आहे.

नकाराचा हक्क

फोटो काढणं हा एकतर्फी व्यवहार आहे. फोटो मला मिळतो, कौतुक मला मिळतं, कधी स्पर्धेतलं बक्षीसही मला मिळतं. खंड्याला काही मिळत नाही. वारीतल्या म्हातारीला बहुतेक वेळा तो फोटो बघायलाही मिळत नाही. अशा व्यवहारात समोरच्याच्या हातात एकच गोष्ट उरते : नकार. तो सुद्धा काढून घेतला, तर उरतं ते नुसतं घेणं.

आता ती दोन्ही उदाहरणं पुन्हा बघा. पक्षी नकार देतो तो शरीरानं. चरायचं थांबतो, मान उंचावतो, इशाऱ्याचा आवाज काढतो, काठावर दोन पावलं सरकतो आणि शेवटी उडतो. उडणं हा नकाराचा शेवटचा शब्द, त्याच्या आधीचे चार शब्द आपण ऐकलेले नसतात. लांबची लेन्स बरी अशासाठी की ती वापरताना नकाराची वेळ येत नाही, आणि आलीच तर तो दिसायला आणि थांबायला अवकाश असतो. माणूस नकार देतो तो शब्दांनी, डोळ्यांनी, हाताच्या पंजानं. तो ऐकायला चार-सहा फुटांवर असावं लागतं. साठ फुटांवर तो देताच येत नाही.

तेव्हा अंतराची कसोटी अशी मांडता येईल : समोरच्याचा नकार जिथवर पोचतो आणि जिथं पोचल्यावर तो आपल्याला पाळता येतो, ते अंतर योग्य. त्या अंतरावरून ज्या लेन्सनं फोटो निघतो, ती त्या दिवसाची योग्य लेन्स. बाकी शार्पनेस, बोके, ऑटोफोकसचे पॉइंट, हे सगळं त्याच्या नंतर.

फोटो काढण्यासाठी मराठीत एक सुंदर क्रियापद आहे, टिपणं. पक्षी दाणे टिपतो. नेमबाज सावज टिपतो. आपण कुणाचे तरी डोळे पदरानं टिपतो. ऐकलेलं विसरू नये म्हणून वहीत टिपून ठेवतो. एकाच शब्दात भूक आहे, शिकार आहे, माया आहे आणि नोंद आहे. कॅमेरा हातात घेतलेला माणूस या चारांपैकी नेमकं काय करतोय, हे फोटोवरून नेहमी कळत नाही. समोरच्याला मात्र बहुतेक वेळा कळतं.

शिकारीचा अर्थ इथं नुसता रूपक म्हणून आलेला नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वाचून बघा. मारणं, पकडणं हे तर तिच्यात आहेच, पण वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना बाधा पोचवणं हेही तिच्यात आहे. पिल्लांना भरवणाऱ्या मादीचा फोटो ‘क्लीन’ यावा म्हणून घरट्यासमोरची फांदी बाजूला बांधणारा माणूस स्वतःला पक्षिमित्र म्हणवतो. ती फांदी म्हणजे उन्हापासूनची सावली होती आणि शिकऱ्याच्या नजरेपासूनचा पडदा होता. बंदूक हातात नसूनही कायद्याच्या भाषेत तो शिकाऱ्याच्या रांगेत जाऊन बसू शकतो.

इतिहासात हा प्रवास उलट्या दिशेनंही झाला आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे इंग्रज अमदानीतले वनाधिकारी. वाघ मारणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती त्या काळात ते वाघांचे फोटो काढत होते. जंगलातल्या पायवाटेवर तार आणि फ्लॅश लावून ठेवायचे. वाघाचा पाय तारेला लागला की फोटो निघायचा. १९२७ साली त्यांचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगरलँड’ हे पुस्तक आलं. आजच्या कॅमेरा ट्रॅपची ही आजी म्हणायला हरकत नाही. रात्री अचानक फुटणारा फ्लॅश वाघाला आवडला नसणारच. तरी बंदूक खाली ठेवून कॅमेरा उचलणं हा मोठा पल्ला होता. आपण त्या पल्ल्याच्या पुढे जन्मलो आहोत. कॅमेरा बंदुकीपेक्षा बरा, एवढ्या समाधानावर आपल्याला थांबता येणार नाही.

मग काय, फक्त पैसेवाल्यांनीच?

इथं एक आक्षेप येणार आणि तो आलाच पाहिजे. मोठ्या ब्रँडच्या ६०० मिमीच्या प्राइम लेन्सची किंमत एखाद्या चारचाकी गाडीइतकी असते. लांब राहणं ही सभ्यता असेल, तर ती लाखांत विकली जाते. कॉलेजमध्ये असताना घरच्यांकडून कसाबसा कॅमेरा मिळवलेल्या मुलानं काय करायचं? नैतिकताही हप्त्यावर घ्यायची?

या आक्षेपातला राग खरा आहे. पण त्यातलं गृहीतक तपासायला हवं. ते असं : पक्ष्यानं फ्रेम भरलेला फोटो हाच फोटो, आणि तो मिळण्याचा मला हक्क आहे. मधल्या सहा मीटरचं कर्ज या हक्कापायी होतं. हक्क सोडला की कर्जही उरत नाही. २५० मिमीच्या लेन्सनं दहा मीटरवरून काढलेल्या फोटोत खंड्या सहाव्या भागात असेल. उरलेल्या पाच भागांत काटकी असेल, ओढा असेल, पाण्यातलं आभाळ असेल. तो पक्षी कुठं राहतो हे त्या फोटोत दिसेल. फ्रेमभर भरलेल्या चोचीच्या फोटोत ते दिसत नाही. साध्या साधनाचा माणूस वेगळा फोटो काढतो, आणि तो कमी दर्जाचाच असेल असं नाही.

शिवाय मधले रस्तेही आहेत. लेन्स दिवसाच्या भाड्यानं मिळतात. लहान सेन्सरचे सुपरझूम कॅमेरे आहेत. निकॉनचा पी९०० २०१५ साली आला तेव्हा त्याची झूम फुल-फ्रेमच्या भाषेत २४ ते २००० मिमी होती. कमी उजेडात तो दाणेदार फोटो देतो, पण पक्ष्याला त्याच्या जागी राहू देतो. क्रॉप सेन्सर हाही इथं मित्रच. त्यावर ३०० मिमीची लेन्स फुल-फ्रेमवरच्या ४५० मिमीइतकीच चौकट देते. आणि फोटो न काढता नुसतं बघायचं असेल तर साधी ८×४२ची दुर्बीण पुरते.

उलट बाजूही आहे. मोठी लेन्स घेतली की माणूस आपोआप लांब राहतो, असं होत नाही. आधी पक्षी फ्रेममध्ये हवा असतो, मग डोकं फ्रेमभर हवं असतं, मग डोळ्यात स्वतःचं प्रतिबिंब हवं असतं. पलायन-अंतर पक्ष्याचं तेवढंच राहतं, भूक वाढत जाते. साधनांनी सभ्यता शक्य होते. ती आणायची मात्र आपल्यालाच असते.

‘दादा, जरा उडवा की’

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटरवर भिगवण. उजनी धरणाचं पाणी मागे पसरलं आणि तिथं पक्ष्यांचं मोठं ठाणं झालं. हिवाळ्यात रोहित येतात, राजहंस येतात, कुरव येतात. पहाटे कुंभारगावच्या काठावर होड्या लागलेल्या असतात. होडीवाले बहुतेक मासेमारी करणाऱ्या घरांतले. पाण्याची आणि पक्ष्यांची त्यांना असलेली जाण कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

रोहित उथळ पाण्यात मान खाली घालून गाळातलं बारीक खाद्य गाळत उभे असतात. बसलेल्या रोहिताचा रंग फिका, पंख उघडले की आत लाल-काळा झळाळ. फोटोग्राफरला तो झळाळ हवा असतो. मग होडीतून आवाज येतो : ‘दादा, जरा जवळ घ्या. दादा, जरा उडवा की.’ दादा वल्हं मारतात. थवा उठतो. दहा कॅमेऱ्यांतून शंभर-शंभर फ्रेम निघतात. थवा पलीकडे उतरतो. थोड्या वेळानं दुसरी होडी तिकडे जाते.

‘एकदा उडवल्यानं काय होतं?’ हा युक्तिवाद इथं कोसळतो. एकदा कुणीच उडवत नाही. प्रत्येक होडी एकदा उडवते. लांबवरून आलेल्या पक्ष्याचा दिवस खाण्यात जायला हवा, तो उडण्यात जातो. आपल्या एका क्लिकचा हिशोब एकट्यानं करणं हीच यातली फसवणूक आहे.

आणखी एक गोष्ट इथं घडते : दोष हस्तांतरित होतो. होडी कुणी पुढे घेतली? दादांनी. २०२४च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी अडवली. त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. निलंबनाची कारवाई झाली ती गाड्यांचे चालक आणि गाइड यांच्यावर. नियम त्यांनी मोडला हे खरंच आहे. पण मागच्या सीटवर कोण बसलेलं असतं आणि कुणाच्या खुशीवर टिप अवलंबून असते, हेही खरं आहे. ज्याचं पोट आपल्या समाधानावर चालतं, त्याला ‘जरा पुढे घ्या’ म्हणणं ही विनंती नसते. वाघाचा नकार आपल्याला ऐकू येत नाहीच, गाइडचाही येत नाही, कारण तो देण्याची त्याची ऐपत नसते.

हेच वाक्य उलटं वापरता येतं. ‘दादा, इथंच थांबवा, आम्हाला लांबूनच बघायचंय.’ होडीत बसताक्षणी हे सांगितलं की दादांचे खांदे सैल होतात. मग ते स्वतःच बोलायला लागतात, कुठला पक्षी कधी आला, यंदा पाणी किती आहे. त्या गप्पांमधून जे मिळतं ते कुठल्याही टेलिकन्व्हर्टरनं मिळत नाही.

जिथं जवळ जावंच लागतं

मॅक्रोवाल्यांना ही कसोटी अन्यायाची वाटेल. १०० मिमीची मॅक्रो लेन्स खऱ्या आकाराएवढा फोटो देते तेव्हा विषय सेन्सरपासून फूटभरच लांब असतो. आंबोलीच्या पावसात पानावर बसलेल्या बेडकाचा फोटो काढायचा तर लांब राहून चालत नाही. बेडूक तोंडानं नको म्हणत नाही आणि कितीदा तर जागचा हलतही नाही.

हलत नाही याचा अर्थ होकार नव्हे. अनेक प्राण्यांची धोक्याच्या वेळची रीतच ती असते : गोठून बसणं. अशा वेळी नकार आपणच त्याच्या वतीनं गृहीत धरायचा. त्याला उचलायचं नाही, ‘छान बॅकग्राउंड’च्या पानावर हलवायचं नाही, काडीनं डिवचायचं नाही. दोन-चार फ्रेम घ्यायच्या आणि त्याला होता तिथं, होता तसा सोडून उठायचं. ज्याचा नकार ऐकू येत नाही, त्याच्याकडून कमीत कमी घ्यायचं.

आणि फोन हेही साधनच आहे, कदाचित सगळ्यात धारदार. मेच्या अखेरीस भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीच्या रानात काजवे चमकतात तेव्हा ती आपल्यासाठीची रोषणाई नसते. नर मादीला बोलावत असतो. फोनचा टॉर्च त्या अंधारात पडला की त्यांचं बोलणं तुटतं. फोनवरच पक्ष्याच्या नराची शीळ वाजवली की झुडपातला खरा नर घुसखोर आला असं समजून चवताळून बाहेर येतो, आणि त्याचा फोटो मिळतो. त्यानं दिलेला प्रतिसाद होकार वाटू शकतो. पण फसवून मिळवलेल्या होकाराला आपण माणसांच्या जगात काय म्हणतो, ते सगळ्यांना माहीत आहे.

सहजपणाची किंमत

माणसांच्या बाबतीत एक आक्षेप उरतो. विचारून काढलेला फोटो पोझ होतो, सहजपणा मरतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँ छोटा लायका आणि ५० मिमीची लेन्स घेऊन गर्दीत शिरायचे आणि कुणाला न विचारता फोटो काढायचे. ते फोटो नसते तर जग गरीब झालं असतं.

हे मान्य. पण ५० मिमीनं गर्दीत शिरलेला माणूस गर्दीला दिसत असतो. कुणी तोंड फिरवू शकतं, कुणी हटकू शकतं, कुणी हसू शकतं. नकाराची दारं उघडी असतात. आधी विचारणं हा एकच मार्ग नाही. काढल्यावर दाखवता येतं, ‘नको’ म्हटलं तर समोरच पुसता येतं. आणि सत्तेत असलेल्या माणसाचा नकार हा वेगळा विषय. लाठी उगारणाऱ्याची परवानगी पत्रकारानं मागायची नसते. पण रविवारी सकाळी हौसेनं बाहेर पडलेला आपण पत्रकाराचा तो परवाना उसना घेऊ नये. रस्त्यावर झोपलेल्या माणसाच्या फोटोला ‘वास्तव’ असं नाव दिल्यानं तो जागा झाल्यावर काय म्हणाला असता, हा प्रश्न मिटत नाही.

होमाई व्यारावाला यांची इथं आठवण येते. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याच्या आगेमागेचे कितीतरी क्षण त्यांच्या कॅमेऱ्यामुळे आपल्याला दिसतात. १९७०च्या सुमारास त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. नव्या फोटोग्राफरांच्या वागण्यातली मर्यादा सुटली, हे त्यांनी पुढे त्याचं एक कारण सांगितलं. हात चालत असताना, नाव असताना त्या थांबल्या. इतकं टोक गाठायची आपल्याला गरज नाही. पण फोटो न काढणं हाही फोटोग्राफरचा एक निर्णय असतो, आणि तो घेता येतो, एवढं त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

तर मग साठ-सत्तर हजारांत काय घ्यायचं? आधी हे ठरवा की रविवारी तुम्ही कुणाला भेटायला जाणार आहात. पक्ष्यांना भेटायचं असेल तर जेवढी परवडेल तेवढी लांबची लेन्स घ्या, वापरलेली मिळाली तरी चालेल, आणि तिच्या मर्यादेबाहेरचा फोटो सोडून द्यायची तयारी ठेवा. माणसांना भेटायचं असेल तर नवं काही घेऊच नका. खिशातला फोन चार फुटांवरून फोटो काढतो, चार फुटांवर बोलता येतं. बेडूक-किड्यांकडे जायचं असेल तर मॅक्रो लेन्सबरोबर बसून राहायला एक प्लास्टिकचा कागद आणि भरपूर वेळ न्या. आणि कुठंही जात असाल तर निघण्यापूर्वी स्वतःला एकदा विचारून घ्या : आज एकही फोटो मिळाला नाही, तर दिवस वाया गेला असं मला वाटेल का? उत्तर ‘हो’ असेल, तर कॅमेरा कुठलाही न्या, त्या दिवशी समोरच्याचा नकार तुम्हाला ऐकू येणं कठीण आहे.